फीत नसेल ते तण

"गेल्या वर्षी लावलेली झाडं कुठे आहेत?"

मी हा प्रश्न विचारला तेव्हा सभागृहात साठ मुलं, सहा पंखे आणि एक साहेब होते. त्यातले फक्त पंखे फिरत राहिले, बाकी सगळे जागच्या जागी थिजले.

खरं सांगायचं तर प्रश्न माझा नव्हता. तो रेडिओचा होता. रेडिओ म्हणजे माझी मैत्रीण. ती झोपेतसुद्धा बोलते, हे शाळेच्या सहलीत पुराव्यासह सिद्ध झालंय. पण ती इतकं बोलते की तिने विचारलेला प्रश्न प्रश्न आहे, हेच कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी मैत्रीण दुर्बीण. तिच्या चष्म्याची भिंगं जाड आहेत आणि ती स्वतः हुशार आहे, त्यामुळे ती असले उद्योग करत नाही. राहता राहिले मी. दोघींनी पैज लावली, विचारलंस तर महिनाभर उन्हाळी कार्यक्रमाच्या गाडीतली खिडकीची जागा तुझी.

गेल्या वर्षापर्यंत मला वर्गात 'मौनी' म्हणायचे. हजेरीलासुद्धा मी 'हजर' न म्हणता नुसता हात वर करायचे. मग स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा बसला आणि बाईंनी माईक माझ्या हातात कोंबला, कारण मी सगळ्यात जवळ उभी होते. त्या दिवशी मला माझा आवाज पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आला आणि तो मला फार आवडला. घरच्यांना त्याची अजून सवय व्हायची आहे.

तर साहेब. ते वनखात्याचे, सुट्टीत टेकडीवर काम करायच्या कार्यक्रमाची माहिती द्यायला आमच्या शाळेत आले होते. साहेबांनी नुकतंच पडद्यावर दाखवलं होतं की गेल्या उन्हाळ्यात टेकडीवर दोनशे रोपं लावली आणि दोनशेच्या दोनशे डौलात उभी आहेत. प्रत्येक रोपाला निळी फीत, फितीशेजारी हसणारं मूल. आमच्या वर्गाच्या खिडकीतून ती टेकडी रोज दिसते. दोनशे झाडं सोडाच, मला तिथे आजवर फक्त एक खांब आणि एक फलक दिसलाय. फलकावर 'झाडे वाचवा' असं लिहिलंय.

"छान प्रश्न," साहेब म्हणाले. मोठी माणसं 'छान प्रश्न' म्हणाली की समजायचं, उत्तर येत नाहीये. मग त्यांनी तरुणांमधल्या जिज्ञासेवर पाच मिनिटं भाषण केलं आणि शिक्षा म्हणून मला गट क्रमांक तीनची प्रमुख केलं. दाराशी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक वाळका माणूस उभा होता. माझ्या प्रश्नावर सगळे साहेबांकडे बघत होते, तो मात्र स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तेव्हा मी म्हटलं, असेल बुवा बूट नवे.

घरी अर्जावर सही हवी होती. आमच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे बारीक अक्षरातलं काहीही ते वाचल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी अख्खा अर्ज मोठ्याने वाचला. चार आठवडे, रोज सकाळी सात ते एक, घरचा डबा आणायचा, हातमोजे मिळतील. शेवटून दुसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली: 'रोपांचे नुकसान करणाऱ्याचे नाव कार्यक्रमातून तत्काळ कमी करण्यात येईल.'

"म्हणजे तुला काढून टाकायची सोय आहे यात," बाबा म्हणाले. "पण तशी वेळ यायची नाही. तू त्याआधीच सोडशील. नव्याचे नऊ दिवस."

आता हा टोमणा समजायला आमचा माळा माहीत हवा. माळ्यावर माझा कीबोर्ड आहे, सात धडे वाजवलेला. कराट्याचा पोशाख आहे, पट्टा अर्थातच पांढरा. अर्धा विणलेला मफलर आहे, सुया अजून त्यातच. सायकल माळ्यावर मावली नाही म्हणून ती बाल्कनीत आहे आणि बाबा तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. दोन चाकांचं इतकं महाग स्टँड जगात दुसरं नसेल, असं ते पाहुण्यांना सांगतात. पाहुणे हसतात. मीही हसते, दात दाखवून.

आई शिक्षिका आहे. सुट्टीत जेवणाच्या टेबलावर पेपर तपासते, त्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. तिने लाल पेन खाली न ठेवताच निकाल दिला: चार आठवडे पूर्ण केलेस तर गणिताचा क्लास संध्याकाळच्या बॅचला. मध्ये सोडलंस, किंवा त्यांनी तुला सोडलं, तर दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाची बॅच आणि पुढे कुठल्याही गोष्टीसाठी 'मला करायचंय' हे वाक्य बारावी होईपर्यंत बंद. मी मान्य केलं. नवीन आत्मविश्वास असतो तेव्हा माणूस काहीही मान्य करतो.

पहिल्या दिवशी टी-शर्ट मिळाले. सगळ्यात मोठ्या मापाचे, कारण ते साहेबांच्या मापावरून मागवले असावेत. माझा गुडघ्यापर्यंत आला. पाठीवर 'हिरवे हात' असं लिहिलेलं, ते बसलं की खुर्चीवर यायचं. मग कुदळ, फावडं, घमेलं आणि विळा यांची ओळख झाली. दाराशी उभा असलेला तो वाळका माणूस म्हणजे टेकडीचा वनरक्षक निघाला. आम्ही त्याला शिट्टीकाका म्हणायला लागलो, कारण तो शब्दांपेक्षा शिट्टीने जास्त बोलायचा. एक शिट्टी म्हणजे पाणी प्या, दोन म्हणजे उन्हातून उठा, आणि तीन म्हणजे रेडिओ, गप्प बस.

दुसऱ्या दिवशी शिट्टीकाकांना कार्यालयात बैठकीला बोलावलं होतं, म्हणून साहेब स्वतः आले. बरोबर फोटोग्राफर आला. त्या दिवशीची मोहीम होती 'प्लास्टिकमुक्त टेकडी', आणि सगळ्यात जास्त प्लास्टिक गोळा करणाऱ्या गटाचा फोटो छापून येणार होता. आमच्या वाट्याला मागचा उतार आला. तिथे बाटल्या नव्हत्या, पिशव्या नव्हत्या. माझं तोंड उतरलं. तेवढ्यात दुर्बिणीला गवतात एक निळी फीत दिसली. मग दुसरी. काही जमिनीवर पडलेल्या, काही कसल्याशा काटक्यांना बांधलेल्या. फीत प्लास्टिकची होती, यात शंका नव्हती. मी गटाला सांगितलं, एकही सोडायची नाही. आम्ही त्या गाठी दातांनी सोडल्या. गट तीनने दोन पोती भरली आणि आमचा फोटो निघाला. फोटोत मी पोत्यावर पाय ठेवून उभी आहे, वाघ मारल्यासारखी.

मी तो फोटो घरी फ्रिजवर लावला. बाबांनी तो चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, दोन दिवस झाले, सात उरले.

पण तिसरा दिवस गेला, पाचवा गेला. हाताला फोड आले, फुटले, तिथे कातडी घट्ट झाली. पायवाटेला दगडाच्या पायऱ्या आम्ही बसवल्या, एकूण अकरा. त्यातली चौथी हलते, ती रेडिओने बसवली. सातव्या दिवशी बाबांनी मोजणं बंद केलं. नवव्या दिवशी मी जेवताना मुद्दाम म्हटलं, आज नऊ झाले हं. बाबा म्हणाले, "अरे वा." त्या 'अरे वा'वर मी दहावा दिवस काढणार होते.

दहाव्या दिवशी तण काढायचं होतं. तेव्हाही शिट्टीकाका सकाळी गट एकबरोबर पुढच्या बाजूला होते आणि आम्हाला साहेबांचं छापील सूचनापत्र मिळालं होतं. त्यात एकच वाक्य कामाचं होतं: 'निळी फीत नसलेली प्रत्येक वनस्पती तण समजून मुळासकट उपटावी.'

वाचून मला बरं वाटलं. आयुष्यात इतक्या स्पष्ट सूचना कुठे मिळतात? आम्ही मागच्या उतारावर गेलो, मी कमरेवर हात ठेवून नजर फिरवली. अख्ख्या उतारावर एकही फीत नव्हती. म्हणजे सगळं तण. मी तसं जाहीर केलं आणि गट तीन कामाला लागला. साडेदहापर्यंत माझ्या उंचीचा ढीग झाला. ढिगाशी फोटोग्राफर नाही याचं मला वाईट वाटत होतं.

तेवढ्यात दुर्बीण एक रोपटं घेऊन आली. रोपटं गुडघ्याएवढं होतं आणि मुळांशी मातीचा गोळा चिकटलेला होता. तिने तो माझ्या नाकासमोर धरला.

"या तणाची माती पिशवीच्या आकाराची आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, असते काही तणांची. तिने नुसता गोळा फिरवला. खालच्या बाजूला मुळं गोल गोल गुंडाळलेली होती, एखाद्या डब्यात वाढल्यासारखी, आणि त्या मुळांत काळ्या पिशवीचा एक तुकडा अडकलेला होता. रोपवाटिकेत रोपं असल्याच काळ्या पिशव्यांत असतात. तण स्वतःच्या पिशवीतून येत नाही, एवढं मलाही कळतं.

मी ढिगाकडे पाहिलं. मग मला त्या काटक्या आठवल्या, ज्यांच्या गाठी मी दातांनी सोडल्या होत्या. माझा पैजेचा प्रश्न मला एकदम आठवला. गेल्या वर्षीची झाडं कुठे आहेत? तर ती इथे होती. आधी आम्ही त्यांची ओळख काढून घेतली आणि मग ती अनोळखी आहेत म्हणून उपटली. दोन्ही वेळा प्रमुख मीच होते आणि दोन्ही वेळा आम्ही सगळ्यांत पुढे होतो.

रेडिओ पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. ढीग एक वाजता खड्ड्यात जाणार, तिने सांगितलं, वर माती पडणार. सूचनापत्रात लिहिलंय तेच आपण केलं. कुणी विचारलंच तर सूचनापत्र दाखवायचं. गटातल्या बाकीच्यांनीही माना हलवल्या. मुद्दा बिनतोड होता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र अर्जाची शेवटून दुसरी ओळ आली, बाबांच्या आवाजात, दोनदा. नाव कमी झालं की सकाळी सहाची बॅच. आणि त्याहून वाईट म्हणजे बाबा काहीच बोलणार नाहीत. फक्त माझे बूट उचलून माळ्याची शिडी शोधतील.

मी खूप विचार केला असं लिहायला छान दिसलं असतं. पण तसं काही झालं नाही. ते रोपटं हातात होतं आणि त्याची पानं माझ्यासमोर मान टाकत होती. एक वाजेपर्यंत विचार करायला त्याच्याकडे वेळ नव्हता. मी पुढच्या बाजूला पळत गेले. वाटेत चौथी पायरी हलली.

शिट्टीकाकांना मी सगळं एका दमात सांगितलं, फितींपासून. ते रागावतील म्हणून मी डोळे बारीक करून उभी होते. त्यांनी रोप हातात घेतलं आणि खाली बसले.

"हे पाण्याच्या टाकीजवळचं," ते म्हणाले. "कडेचं. याला दोनदा बकरी लागली होती."

मला वाटलं ते गंमत करताहेत. मग कळलं की ते प्रत्येक रोप ओळखतात. दोनशेपैकी एक्केचाळीस जगली होती. ती एक्केचाळीस त्यांनी वर्षभर पायथ्याच्या टाकीवरून कॅन वाहून जगवली होती, कारण अहवालात दोनशे जगली असल्यामुळे पाण्याची वेगळी सोय करायचं कारण नव्हतं. सभागृहात माझ्या प्रश्नाचं उत्तर फक्त त्यांना माहीत होतं. मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात? ते म्हणाले, साहेब दोनशे म्हणत होते, मी एक्केचाळीस कसं म्हणणार? मला 'मौनी' म्हणायचे ते दिवस आठवले आणि पुढे काही विचारवेना.

मग तीन शिट्ट्या झाल्या, आणि या वेळी त्यांचा अर्थ 'सगळे इकडे या' असा होता. आम्ही ढीग उलटा उपसला. दुर्बीण मातीचा गोळा बघून रोप वेगळं काढायची, तिचा डोळा चुकला नाही. सव्वीस निघाली. उरलेली पंधरा उताराच्या वरच्या टोकाला होती, तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो. शिट्टीकाकांनी ती ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि प्रत्येकाची अर्धी पानं तोडायला लावली. मी म्हटलं, अजून किती हाल करायचे यांचे? तर म्हणाले, मुळं दुखावलीत, इतकी पानं पोसायची ताकद नाही त्यांच्यात. आम्ही खड्डे केले, टाकीपासून उतारापर्यंत रांग लावून घमेल्यांनी पाणी चढवलं आणि काटक्या रोवून जुन्या गोणपाटाची सावली केली. एकचे तीन वाजले. कुणी डबा उघडला नव्हता. रेडिओ सगळा वेळ बोलत होती आणि कुणीही शिट्टी वाजवली नाही.

जाताना शिट्टीकाका एवढंच म्हणाले की भर उन्हाळ्यात उपटलेलं रोप आहे, निम्मी तगली तरी खूप.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मी रात्री आरशासमोर सराव केला होता. त्यांच्यासमोर उभी राहून मी सांगितलं की गेल्या वर्षीची सव्वीस रोपं माझ्या गटाने माझ्या सांगण्यावरून उपटली, अर्जातल्या नियमाप्रमाणे माझं नाव कमी करावं, आणि सूचनापत्र लिहिणाऱ्यालाही कुणीतरी काहीतरी सांगावं. शेवटचं वाक्य सरावात नव्हतं.

साहेबांनी फाईल उघडली. बराच वेळ पाहिली.

"गेल्या वर्षीची दोनशेच्या दोनशे उभी आहेत," ते म्हणाले. "इथे लिहिलंय. मग तू उपटलंस काय?"

मी म्हटलं, सर, चला, दाखवते. त्यांनी घड्याळ पाहिलं. नुकसान झालं असं लिहायचं तर आधी दोनशे नव्हती असं लिहावं लागलं असतं, आणि ते कुणी लिहायचं? त्यामुळे नुकसान झालंच नाही. माझं नाव कमी झालं नाही. उलट प्रामाणिकपणाबद्दल माझं कौतुक झालं, जे घडलंच नाही त्याची कबुली दिल्याबद्दल. सुंठीवाचून खोकला गेला. रेडिओने मला मिठी मारली. मी मात्र उताराकडे बघत होते. जी रोपं कागदावर उपटलीच गेली नव्हती, त्यांना पाणी घालायचा आदेश कोण काढणार?

उरलेले दिवस आम्ही दर सकाळी आधी तिथे पाणी घालायचो आणि मग दिलेलं काम करायचो. शेवटच्या आठवड्यात शिट्टीकाकांची बदली आली, नदीपलीकडच्या रानात, सोमवारपासून हजर व्हायचं. माझ्या सभागृहातल्या प्रश्नाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं ते दोनदा म्हणाले. दोनदा म्हणाले म्हणून मला शंका आली. त्यांच्या जागी कोण येणार ते अजून ठरलं नव्हतं. त्यांनी मला टाकीच्या नळाची किल्ली दाखवली, ती कुठल्या दगडाखाली ठेवतात तेही दाखवलं. घेऊन जा असं म्हणाले नाहीत. नुसतं दाखवलं.

काल शुक्रवार होता. समारोपात सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. माझ्या प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट गटप्रमुख' लिहिलंय. पडद्यावर यंदाचा अहवाल दाखवला, त्यात माझा पोत्यावर पाय ठेवलेला फोटो होता. समारोपाआधी मी उतारावर जाऊन मोजून आले होते. सव्वीसपैकी नऊ वाळली. सोळा अजून विचार करताहेत. टाकीजवळच्या त्या बकरीवाल्याला नखाएवढं एक पान फुटलंय.

रात्री जेवताना बाबांनी प्रमाणपत्र चष्म्याच्या दुकानात फ्रेम करून लावायचं म्हटलं. आई म्हणाली, सोमवारपासून संध्याकाळची बॅच, ठरल्याप्रमाणे. दोघंही इतके खूश होते की मला सांगावंसं वाटेना. पण माझा आवाज आता मला विचारून येत नाही. मी ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं: फिती, ढीग, सव्वीस, साहेबांची फाईल, बदली. आईचं पेन एका पेपरावर तसंच टेकून राहिलं, तिथे लाल ठिपका मोठा होत गेला. कुणाच्या तरी बरोबर उत्तरावर.

बाबा म्हणाले, "मग हे 'उत्कृष्ट' कशाबद्दल?"

"तेच तर," मी म्हटलं. "ते फ्रेम करू नका. ते माळ्यावर ठेवा, कीबोर्डशेजारी."

आई म्हणाली, पण झालं ना आता, कार्यक्रम संपला, तू चार आठवडे पूर्ण केलेस, शब्द पाळलास, आम्हीही पाळतो. तिच्या आवाजात खरंच माया होती. म्हणून मीही आवाज चढवला नाही. पहिल्यांदाच हळू बोलले, तर दोघं जास्त लक्ष देऊन ऐकायला लागले.

"कार्यक्रम संपलाय, सतरा रोपं संपलेली नाहीत," मी म्हटलं. "मी एक दिवसाआड सकाळी टेकडीवर जाणार आहे, पाणी घालायला. शाळा सुरू झाल्यावरही, शाळेच्या आधी. क्लासही करणार आहे, संध्याकाळी, एकही दिवस न बुडवता. कार्यक्रमाची गाडी आता बंद झाली. तेव्हा बाबा, उद्यापासून टॉवेल दुसरीकडे वाळत घाला. मला सायकल लागणार आहे."